पिसांच्या दाराची मुंगी

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी ती वाचून तशीच पुढे गेले. वर्गातल्या मुली पावसावर लिहितात, आईवर लिहितात, कॉलेजच्या पहिल्या दिवसावर लिहितात, आणि चांगले लिहितात. मला यातले काहीच सुचेना. मराठीच्या सरांना मी तसे सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही जे खरोखर पाहिले असेल ते लिहा. मग ते मुंगीएवढे का असेना!" सर सहज बोलून गेले. पण मी खरोखरच एक मुंगी पाहिली आहे. खरे म्हणजे ती अक्काने पाहिली होती. मी तिच्या पाठीमागे उकिडवी बसले होते, इतकेच.

आमचे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. जमीन मुरमाड. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर काहीच नाही. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर येतात आणि निम्मे गाव कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. माझे माय-दादा म्हणजे असाच एक कोयता. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असायची, त्यामुळे 'यंदा जायचे की नाही' असा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. ते गेले की घरी आजी, अक्का, मी आणि धाकटा भाऊ असे चौघे राहायचो. आजीला डोळ्यांनी अंधुक दिसायचे. म्हणजे घर अक्काच चालवायची. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मी दहा वर्षांची.

हिवाळ्यात पहाटे आम्ही हापशावर नंबर लावायला जायचो. वाटेत एका जुन्या दगडी बांधाखाली, कडुनिंबाच्या मुळाशी, जमिनीत बोट जाईल एवढे एक भोक होते. भोकाभोवती मातीची थोडी उंच कड, आणि त्या कडेवर पिसे रोवल्यासारखी लावलेली. होल्याची, साळुंकीची, कोंबडीची. त्यांच्या जोडीला वाळकी पाने, काड्या आणि मेलेल्या मुंग्यांची सांगाडे झालेली डोकी. मला वाटायचे, कुठल्या तरी पाखराला कुत्र्याने इथे धरले असेल. आजी म्हणायची, कुणी तरी उतारा टाकला असेल, ओलांडू नका.

एका पहाटे अक्का घागर खाली ठेवून तिथे बसली आणि मला हाताने खुणावले. थंडी मी म्हणत होती. पिसांवर दंव जमले होते, बारीक बारीक मण्यांसारखे. आणि त्या भोकातून काळ्या मुंग्या एकेक करून वर येत होत्या, पिसावर चढत होत्या आणि ते मणी तोंडात धरून परत आत जात होत्या. थेंब फुटत नव्हता. जबड्यांच्या चिमट्यात तो तसाच गोल राहायचा.

"हापशावर आल्यात बघ," अक्का हळूच म्हणाली. "त्यांचा हापसा पिसाचा."

मला ते पीस हवेसे वाटले. मी हात घातला आणि त्याच क्षणी बोटाला अशी कळ लागली की मी घागर लाथाडून दिली. अक्का आधी हसली, मग तिने घरी नेऊन आजीच्या चंचीतला चुना बोटावर लावला. "त्यांचा हंडा उचलतीस व्हय? मंग डसणार न्हाईत का?" असे ती म्हणाली ते मला अजून आठवते.

आता थोडे त्या मुंगीविषयी सांगते, म्हणजे पुढचे कळेल. ही डोंगळ्यासारखी दिसते पण डोंगळा नव्हे. लांबी साधारण एक सेंटीमीटर. रंग काळा, पण उन्हात पाहिले तर त्याला राखाडी, धातूसारखी झाक येते, आणि सगळ्या अंगावर भिंगातून पाहिल्यास बारीक नांगरट केल्यासारख्या रेघा दिसतात. कमरेच्या गाठीवर दोन छोटे काटे असतात. डोंगळ्याला नांगी नसते, तो जबड्याने चावतो. ही मात्र पोटाच्या टोकाच्या नांगीने डसते. आपण सरसकट 'मुंगी चावली' म्हणतो, ते हिच्या बाबतीत चूक आहे. कळ जोराची असते, पण फार वेळ टिकत नाही. ती रांगेने हिंडत नाही. एकेकटी निघते, वाळवी, किडे, मेलेली पाखरे-पतंग जे मिळेल ते उचलून एकटीच परत येते. तिच्या घराला वारूळ म्हणणेही जरा मोठेपणाचे होईल, कारण आत फार तर दोन-तीनशे मुंग्या असतात. आमच्याकडे तिला वेगळे नाव नाही. घरात आम्ही तिला पिसाची मुंगी म्हणू लागलो ते अक्कामुळे.

अक्का एवढ्यावर थांबली नाही. एका संध्याकाळी तिने कोंबडीची तीन पिसे भोकापासून दोन पावलांवर ठेवली. सकाळी त्यातली दोन दाराशी लागलेली होती. तिसरे तसेच पडले होते, त्याला शेण लागले होते. "वली पिसं न्हाई नेत, कोरडी नेत्यात," असा तिने निष्कर्ष काढला. (तो बरोबर आहे की नाही हे मला आजही माहीत नाही, एकाच पिसावरून कसे सांगणार?) तिच्या वहीच्या मागच्या पानावर तिने तारीख घालून हे लिहून ठेवले होते. ती वही आठवीच्या गणिताची होती.

त्याच वर्षी माघात आजी ओट्यावरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. माय-दादा कारखान्यावर होते. फोन केला, पण उचल फिटल्याशिवाय टोळी सोडता येत नाही. आजीला उठवणे, बसवणे, धुणे, हे सगळे करायला घरात दिवसभर कुणी तरी हवे होते. मला त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले होते. अक्का म्हणाली, "मी थांबते. हिची परीक्षा हाय." एवढेच बोलणे झाले. कुणी बैठक घेतली नाही, कुणी रडले नाही. आजी चार वर्षे अंथरुणावर होती. अक्का कशीबशी नववीत गेली आणि मग शाळा सुटलीच. अठरा पूर्ण झाल्यावर लग्न झाले. आता ती आणि दाजी मिळून एक कोयता आहेत.

मी शिष्यवृत्तीत आले नाही, हेही सांगून टाकते.

बारावीनंतर मी बीडला आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिले वर्ष प्रवेशपत्र, ओळखपत्र, मेसचे पैसे यातच गेले. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात कीटकांवरचे एक इंग्रजी पुस्तक चाळताना मला अचानक पिसे लावलेले ते दार दिसले. छायाचित्र नव्हते, नुसते वर्णन होते. तरी मी ओळखले. वाचनालयात मी "अक्का!" असे मोठ्याने म्हणाले आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

मग मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका मॅडमना गाठले. कला शाखेची मुलगी मुंगीचे विचारायला आली याचे त्यांना नवल वाटले, पण त्यांनी मला तीन-चार वेळा वेळ दिला, लेख काढून दिले, आणि जे मला इंग्रजीतून कळले नाही ते समजावून सांगितले. या मुंगीच्या वंशाचे नाव डायाकॅमा. आपल्याकडे जी आढळते तिला डायाकॅमा इंडिकम असे म्हणतात. मुंबई इलाख्यातील रॉटन नावाच्या जंगल अधिकाऱ्याने १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या मुंग्यांवर लेख लिहिले होते, आणि १९०३ साली बिंगहॅमने हिंदुस्थानातील मुंग्यांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. पिसांवरच्या दंवाची गोष्ट मात्र छापून यायला १९८५ साल उजाडले. मार्क मॉफेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ती भारतातच पाहून लिहिली. कोरड्या मुलखात पाणी मिळवायची ही या मुंगीची युक्ती, असे त्याने म्हटले आहे. पीस हलके आणि फाटे फुटलेले असते, रात्री लवकर गार होते आणि त्यावर दंव धरते. बहुतेक मुंग्या पाणी पोटात साठवून नेतात आणि दुसरीच्या तोंडात ओततात. हिच्या जातीला ते फारसे साधत नाही, म्हणून ती थेंबच जबड्यात धरून नेते.

म्हणजे अक्काला तीस वर्षांचाच उशीर झाला होता. तोही तिला माहीत नसताना.

इथपर्यंत सगळे आनंदाचे होते. मी ठरवले होते की हे सगळे मराठीत लिहून अक्काला वाचून दाखवायचे. पण पुढचा लेख वाचला आणि मी अडखळले.

या मुंग्यांत राणी नसते. पंखवाली मोठी राणी उडून जाते आणि नवे घर मांडते, असे जे आपण शाळेत शिकतो ते हिच्यात नाहीच. सगळ्या दिसायला सारख्या. कोषातून बाहेर येते त्या प्रत्येक मादीच्या पाठीवर, जिथे पंख फुटायचे त्या जागी, दोन इवल्याशा गाठी असतात. त्यांना गेमा म्हणतात. लॅटिन भाषेत गेमा म्हणजे कळी. ही कळी ज्या मुंगीची शाबूत राहते तिचाच नराशी संयोग होतो, आणि तीच वसाहतीची आई होते. आणि बाकीच्यांच्या? त्या जन्मल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या कळ्या कुरतडून टाकल्या जातात. जिची शाबूत आहे तीच हे काम करते. कळी तुटली की ती मुंगी निमूट होते, आयुष्यभर काम करते, तिच्या पोटी कधी मुलगी येत नाही. कळीत बारीक संवेदनशील केस असतात, त्यांच्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसाही कळीबरोबर सुकतात. आई मुंगी मेली, तर त्यानंतर पहिल्यांदा जी कोषातून निघेल तिची कळी तोडायला कुणी नसते. ती नवी आई होते आणि मग पुढच्या साऱ्यांच्या कळ्या ती तोडू लागते. १९८९ साली जपान आणि ऑस्ट्रेलियातील या वंशाच्या मुंग्यांवर काम करणाऱ्यांनी हे प्रथम दाखवून दिले. आपल्याकडच्या मुंगीतही तसेच आहे.

लेखात 'म्यूटिलेशन' असा शब्द होता. मी शब्दकोश उघडला. 'अवयव तोडणे, विद्रूप करणे.' त्या रात्री वसतिगृहात मला झोप लागली नाही. कुणी म्हणेल, मुंगीचे काय एवढे मनाला लावून घ्यायचे! पण मला सारखे ते वाक्य ऐकू येत होते: "मी थांबते. हिची परीक्षा हाय." दोघी एकाच घरात जन्मलो, दोघींना सारखीच बुद्धी. किंबहुना तिला जास्त, कारण पिसे तिने मोजली, मी नाही. मग तिच्या पाठीवरचे कुणी तोडले? गरिबीने, आजीच्या खुब्याने, मुकादमाच्या उचलीने, असे म्हणता येते, आणि मी आजवर तसेच म्हणत आले. लेख मात्र म्हणत होता की जिची शाबूत आहे तीच तोडते.

श्रावणात पंचमीला अक्का माहेरी आली. एक मुलगा साडेतीन वर्षांचा, दुसरी मुलगी अकरा महिन्यांची. मायने पुरणाचे दिंड उकडले होते. पंचमीला आमच्याकडे चुलीवर तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत, जमीन खणत नाहीत. बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाला गेल्या. त्यांच्या मागून आम्ही दोघी परतताना अक्का आपणहून बांधाकडे वळली.

आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता आणि कडुनिंबाच्या मुळाशी पाणी साचले होते. मुंग्या घर सोडून निघाल्या होत्या. पण हे निघणे लाल मुंग्यांसारखे रांगेचे नसते. त्यांच्या जोड्या असतात. एक पुढे, दुसरी तिच्या मागे, मिशांनी पुढचीच्या पाठीला, पायांना शिवत शिवत. मागचीचा स्पर्श तुटला की पुढची थांबते. मागची चाचपडत परत येऊन लागली की पुन्हा निघते. नव्या जागी पोचवून पुढची परत येते आणि आणखी एकीला घेऊन जाते. साऱ्या गावाचे स्थलांतर असे एकेकीने हात धरून. काहींच्या तोंडात गव्हाच्या दाण्याएवढे कोष होते. आजी त्यांना अंडी म्हणायची. कोलकात्याजवळ मोहनपूरच्या आयसर संस्थेत सुमना अन्नागिरी आणि त्यांचे विद्यार्थी गेली कित्येक वर्षे याच मुंगीची घरे बदलण्याची रीत अभ्यासत आहेत. या धांदलीत शेजारच्या वसाहतीतल्या मुंग्या येऊन कोष पळवतात, आणि त्यातून निघालेल्या मुंग्या मग त्या परक्या घरीच राबतात, हेही त्यांनी नोंदवले आहे.

मी अक्काला हे सांगितले. पिसांचे सांगितले, १९८५ सालचे सांगितले. ती एवढी खुश झाली की तिने मुलीला कडेवरून खाली ठेवले. "म्हंजी मी म्हनत हुते तसंच! आन् त्यानं किती पिसं ठिवली हुती?" तो काही पिसे ठेवत बसला नव्हता बहुतेक, असे मी म्हणाले. "मंग काय उपेग," अक्का म्हणाली.

मग मी धीर करून कळ्यांचे सांगितले. सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण ती माझ्याकडे पाहू लागली.

"पंचमीच्या दिशीबी कापित्यात का?" तिने विचारले.

"अक्का, चेष्टा नको."

"मंग तू रडायलीस कशापायी?"

तेव्हा मी सगळेच बोलून टाकले. शिष्यवृत्तीची परीक्षा, आजीचा खुबा, माझे कॉलेज. माझी शाबूत राहिली आणि तुझी तुटली, असे काहीसे मी म्हणाले. अक्का थोडा वेळ मुंग्यांकडेच पाहत होती. मुलीने चिखलाचा गोळा तोंडात घातला तो तिने काढून टाकला.

"जिची कळी ऱ्हाती ती काय करती?" तिने विचारले.

"अंडी घालते."

"आन्?"

"आणि काही नाही. घरातच असते. अन्न शोधायला बाहेर पडत नाही. घर बदलताना तेवढी बाहेर येते, तेही दुसरीच्या मागे चालत."

"आन् कळी तुटल्याल्या?"

"त्या हिंडतात. दूरवर एकट्या जातात. रस्ता त्यांनाच ठाऊक असतो."

अक्का हसायला लागली. इतकी हसली की बांधावरच्या बायका वळून पाहू लागल्या. "आगं येडे! मंग कळीवाली मीच की! दोन बाळंतपणं माही झाली. तू हिंडायलीस बीडात. तुही कवा कुनी तोडली ते बघ आधी."

मला काय बोलावे ते कळेना. चार रात्री मी जे मनात घोळवले होते ते तिने एका वाक्यात उलटे करून ठेवले. आणि ती चूक होती असेही मला म्हणता येईना. कळी म्हणजे शिक्षण, हे माझे मीच ठरवले होते. लेखात तसे कुठे लिहिले होते?

मला एका मुंगीच्या पाठीवरचा व्रण पाहायचा होता. मॅडमनी दिलेले भिंग बरोबर होते. आत खणून पाहिले असते तर कळीवालीही सापडली असती कदाचित, पण पंचमीला जमीन खणत नाहीत. मी एक बाहेरचीच चिमटीत धरली आणि अर्थातच डसवून घेतले. या वेळी चुना नव्हता. अक्काने बोट धरून ठेवले. मी तिला सांगितले की नांगी हे मुळात अंडी घालण्याचे इंद्रिय होते, ते पुढे शस्त्र झाले, म्हणूनच फक्त माद्याच डसतात. "आसंल," ती म्हणाली. "बायाच डसत्यात." आणि पुन्हा हसली.

पण घरी आल्यावर, मुले झोपल्यावर, तिने आपणहून विषय काढला. मी बीडहून येताना सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काढून आणली होती. बाहेरून दहावीला बसता येते. मला वाटले होते की हे मला तिला पटवावे लागेल. तिने फक्त विचारले, "परीक्षा कवा?"

"फेब्रुवारी-मार्चात."

ती गप्प झाली. फेब्रुवारी-मार्चात ती उसात असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत टोळी सुटत नाही, आणि एक जण निघाला तर कोयता अर्धा होतो, मग मोळ्या कोण बांधणार, हे तिला मला सांगावे लागले नाही. दहाव्या वर्षीच ते मला ठाऊक होते. सकाळी निघताना तिने पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि माझ्या पिशवीत टाकला. एसटीत बसल्यावर मी तो उघडून पाहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिले आहे : पालकांचे विनंतीवरून. दादांनी कधी अशी विनंती केली नव्हती. ते तेव्हा कारखान्यावर होते.

अर्ज मी ऑनलाइन भरला. फोटो लग्नातला कापून लावला.

संक्रांतीला मी घरी गेले होते. माय-दादा, अक्का, दाजी, पोरे, सगळे उसात. घरात मी आणि भाऊ. पहाटे मी एकटीच बांधाकडे गेले. जुने भोक बुजलेले होते. पंधरा-वीस पावलांवर, बाभळीच्या बुंध्याशी, नवे दार सापडले. पिसे लागलेली होती. त्यात एक पांढरे होते. ते कुठल्या पाखराचे असावे ते मला ओळखता आले नाही. तिथूनच अक्काला फोन लावला. तिच्याकडे कोप्यांत चुली पेटल्या होत्या, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"पिसं भिजल्यात का?" तिने पहिल्यांदा हेच विचारले.

"भिजलीत."

"किती आल्यात वर?"

"मोजल्या नाहीत."

"मंग गेलीस कशाला? मोज."

मी तिला हॉल तिकिटाचे विचारले. ती म्हणाली, दाजी मुकादमाशी बोललेत, तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पुस्तके तिने बरोबर नेली आहेत, गणिताचे सोडून. गणित येते म्हणाली. मग कुणी तरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

मी मोजायला बसले. उजाडेपर्यंत चौदा आल्या. पंधरावी अर्ध्या पिसावर होती तेव्हा ऊन आले.